चेरीतालच्या कोपऱ्यावरची फुंकर

हिंदी मुलखातल्या आमच्या चेरीताल मोहल्ल्यात माझ्यापेक्षा शिस्तीत स्कूटी चालवणारी बाई दाखवा, मी गाडी विकून टाकते. रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाले, तरी हेल्मेट, लायसन्स, सगळं जागच्या जागी. आणि दारूचं म्हणाल, तर मी कफ सिरपसुद्धा भीत भीत घेते.

गेल्या आठवड्यात दाढ काढली. डॉक्टरांनी चुळा भरायला औषध दिलं. संध्याकाळी घर खायला उठतं, म्हणून मी रोज भाजीचं निमित्त काढून बाहेर पडते. तशी चूळ भरली, स्कूटी काढली, आणि कोपऱ्यावरच पोलिसांनी अडवलं.

"आंटीजी, इसमें फूंकिए."

मी ऐटीत फुंकलं. यंत्र कुकरसारखं किंचाळलं.

"तीस तक चलता है," लेडी कॉन्स्टेबल म्हणाली. "आपका तिरसठ आया है."

"वो तो मेरी उमर है."

तिला हसू आलं नाही. "गाड़ी नहीं ले जा सकतीं. घर से किसी को बुलाइए."

घरात कोण असणार? मी हैदराबादला अमेयला फोन लावला. पोरगा एरवी 'मीटिंगमध्ये आहे' म्हणतो. 'पोलीस' ऐकल्यावर मीटिंग संपली.

"आई, काहून पिऊन राहिली तू? एकटी असतेस म्हणून?"

"अरे, चुळा भरायचं औषध होतं ते. त्यात असतं अल्कोहोल."

"आई, सगळे असंच म्हणतात."

त्यानं फोन ठेवला आणि खानदानाला कळवलं. नागपूरहून नणंद लतिका म्हणाली, "वहिनी, मन मोकळं करा." बहीण राजश्री तर रडायलाच लागली. वर्षभरात जेवढे फोन आले नव्हते, तेवढे पोलिसांनी दिलेल्या खुर्चीवर बसून घेतले.

"बहुत बड़ा परिवार है आपका," कॉन्स्टेबल म्हणाली.

"हाँ," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

बोलता बोलता तिचं लक्ष माझ्या सुजलेल्या गालाकडे गेलं. तिनं दाढेचं विचारलं, पाण्यानं चुळा भरायला लावल्या, थोडा वेळ थांबवलं आणि पुन्हा फुंकायला सांगितलं. शून्य.

"सॉरी हेमलताजी," लायसन्स परत देत ती म्हणाली. "चलो, अब आराम से जाइए."

घरी पोचते तोच अमेयचा फोन. "आई, आता मी रोज संध्याकाळी फोन करणार. तुझ्या आवाजावरून मला कळेल."

आणि खरंच करतो. काय जेवलीस, कोण आलं होतं, सगळं विचारतो. काल तर पाऊण तास बोलला.

दुसऱ्यांदा शून्य आलं होतं, हे त्याला सांगायचं आहे. सांगेन. सध्या फार मन लावून बोलून राहिला आहे तो.