काय काय चालते?

श्रीकृष्ण काळीकरनं राठोडसाहेबांना जेवायला बोलावलं, तेही मे महिन्यात, लोडशेडिंगच्या ऐन वेळेत. मुद्दाम. त्याला आपलं नवं सोलर दाखवायचं होतं.

त्या साली बोंडअळीनं कापूस असा खाल्ला, की दिग्रसच्या जिनिंगमध्ये गाठींपेक्षा कारकूनच जास्त दिसायला लागले. श्रीकृष्ण आणि दुसरा एक कारकून, दोघांपैकी एकाची पांढरकवड्याला बदली होणार होती. कोणाची, ते मॅनेजर हरिसिंग राठोड ठरवणार होते. साहेबांना ऊन सोसत नसे. (टोपीखाली ते कांदा ठेवत. आणि कामाचं त्या कांद्यालाच आधी विचारत, असं लोक म्हणत.)

"सारं दिग्रस घामानं भिजून राह्यलं असन, अन् साहेब आपल्या कूलरसमोर! बदली गेलीच समज," श्रीकृष्ण बायकोला म्हणाला.

"आधी मोईनले कूलरचं नीट सांगजा," पद्मजा म्हणाली.

मोईन वायरमननं सकाळीच समजावलं होतं. "काका, लाईन असली की लाईन अन् सोलर मिळून सारं घर ओढते. लाईन गेली की ह्या छोट्या बोर्डावरचंच चालू. पाच पॉइंटच्या वर लोड नाही झेपत. कोणते पाच ते ठरवून ठेवा, मी फोन करतो."

फोन आला तेव्हा नेमकी महिन्यातली कापसाची एकुलती एक गाडी जिनिंगमध्ये लागली होती, मशीन धडधडत होतं.

"काका, लाईन गेल्यावर काय काय चालते?"

आता आपल्याकडे 'चालते' म्हणजे 'सुरू राहते', आणि 'चालते' म्हणजे 'हरकत नाही'. त्या धडधडीत श्रीकृष्णला वाटलं, काय काय बंद पडलं तर हरकत नाही, असं पोरगं विचारून राह्यलं.

"न्हाणीतला पंखा चालते!" तो ओरडला. "बेल चालते. देवघरातली लायटिंगची माळ चालते. अंगणातला बल्ब चालते. मच्छरची मशीन चालते."

"अन् कूलर?"

"कूलर कसा चालते रे? बिलकुल नाही चालत!"

"तुमची मर्जी," मोईन म्हणाला.

जेवणाच्या दिवशी साहेब बैठकीत टेकले आणि बाराच्या ठोक्याला लाईन गेली. कूलरनं एक सुस्कारा टाकला आणि मान टाकली. देवघरात माळ लाल-हिरवी लुकलुकायला लागली. अंगणात पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात बल्ब पेटला.

"काळीकर, हेच का तुमचं सोलर?"

"सर, सुरू होऊन राह्यलं..."

"हात धुऊन येतो," म्हणून साहेब न्हाणीत गेले. ते आलेच नाहीत.

पंधरा मिनिटं झाली. "अहो, चक्कर त नाही आली?" पद्मजा कुजबुजली. श्रीकृष्णनं भीत भीत कडी वाजवली.

"काळीकर," आतून आवाज आला, "काय हवा येऊन राह्यली इथं! एक खुर्ची द्या. अन् ताट इकडंच आणा."

बादली पालथी घालून त्यावर ताट मांडलं. पाटोडीचा रस्सा दोनदा आत गेला. मग दाराआडून निकाल आला: "कायले जाता पांढरकवड्याले? राहा इथंच."

श्रीकृष्णला आनंदानं काय करू, काय नको झालं. (आंघोळ करावी म्हटलं, तर न्हाणी मोकळी नव्हती.)

दुसऱ्या दिवशी बाराला साहेब फायली घेऊन हजर. तिसऱ्या दिवशीही. चारपर्यंत ते आत, आणि श्रीकृष्ण दाराबाहेर, घामाघूम, फटीतून कागद सरकवत. मोईनला बोलावून पॉइंट बदलायचं काढलं, तर साहेबच आतून कडाडले, "पंख्याले हात नाही लावायचा!"

शेवटी एका दुपारी पद्मजानं बाहेरच्या दाराला आतून कडी घातली. "गावाले गेलो समजतीन. चूप बसा."

सगळ्या आळीत लाईन नव्हती. यांची बेल मात्र ठणठणीत वाजत होती. पाच मिनिटं. दहा मिनिटं. शेजारीपाजारी बाहेर आले. श्रीकृष्णनं दार उघडलं.

साहेब खूश होते. म्हणाले, "काळीकर, बेल सोलरवर घेतली, हे मात्र लय हुशारीचं काम केलं तुम्ही."