फक्त वाजवणाऱ्यालाच देणे

चष्मेवाल्याने आपण संग्राहक असल्याचं परस्पर जाहीर करून टाकलं होतं. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आता नंबर तपासताना जुन्या जपानी इलेक्ट्रिक गिटारींवरचं व्याख्यान ऐकावं लागे. समोरचा बिचारा हनुवटी यंत्रावर टेकवून बसलेला, पळून जायची सोय नाही. साठ-सत्तरच्या दशकातल्या या गिटारी तेव्हा लोकांनी स्वस्तातला माल म्हणून हिणवल्या आणि आता त्यांच्याच मागे लागलेत, हे सांगताना चष्मेवाल्याचा ऊर भरून यायचा. एकेकीवर बटणं तरी किती! गिऱ्हाईक खालची ओळ वाचता वाचता मान डोलवायचं.

या थोर संग्राहकाकडे गिटारी किती होत्या? एकही नव्हती. आणि वाजवता कितपत यायची? तेवढीच. संग्रह करणाऱ्याने वाजवलंच पाहिजे असं थोडंच आहे, असं त्याचं ठाम मत होतं. त्याची बायको शाळेत विज्ञान शिकवायची. तिने हे मत शांतपणे ऐकून घेतलं आणि वह्या तपासायला बसली.

अशात त्याला ती जाहिरात दिसली. तारांचा आवाज टिपणारे चार पिकअप, सहा बटणं, लालभडक रंग, जपानी बनावट. विकणारी एक म्हातारी बाई होती. तिचा दिवंगत नवरा जहाजावर रेडिओ सांभाळायचा, त्याने तरुणपणी ती जपानहून आणलेली. खाली एक ओळ होती : फक्त वाजवणाऱ्यालाच देणे आहे. चष्मेवाल्याने लगेच फोन लावला. वाजवता ना, असं बाईंनी विचारलं, तेव्हा याच्या तोंडून सहज निघून गेलं, "वाजवतो की."

फोन ठेवल्यावर त्याला घाम फुटला. पण बेत तयार होता. इलेक्ट्रिक गिटार, तिला अँप्लिफायर जोडल्याशिवाय धड आवाज येत नाही. आपण डोळे मिटायचे, बोटं फिरवायची, मान हलवायची आणि म्हणायचं, अरेरे, अँप्लिफायर असता तर! बायकोला त्याने हा बेत सांगितला नाही. फक्त सोबत चल म्हणाला, कारण घासाघीस तिलाच जमायची.

बाईंनी दार उघडलं. बैठकीच्या खोलीत, खुर्चीवर टेकवून ठेवलेली ती लाल गिटार पाहून चष्मेवाल्याचं भान हरपलं. त्याने खिशातून भिंग काढलं आणि गिटारीची मागची पाटी, खुंट्या, स्क्रू, सगळं तपासलं. एकही भाग बदललेला नव्हता. आयुष्यात इतकी हवीशी गोष्ट त्याने लग्नानंतर पाहिली नव्हती. बाई आणि बायको चहा पीत त्याच्याकडे बघत होत्या.

"वाजवा आता," बाई म्हणाल्या.

त्याने बेताप्रमाणे अँप्लिफायरची हळहळ व्यक्त केली. बाईंनी कोपऱ्यातल्या खोक्यावरची चादर ओढली. आत अँप्लिफायर होता, नवऱ्याने स्वतः जुळवलेला आणि चांगला कपाटाएवढा. मग चष्मेवाल्याला आठवलं की तारा छेडायची आपली पिक घरी राहिली. बाईंनी डबीतून नवऱ्याची पिक काढून दिली. मग म्हणाला, जुन्या तारा आहेत, ताण सहन होणार नाही. तारा मागच्याच महिन्यात बदलल्या होत्या. शेवटी त्याने आपल्या बोटाला कापल्याचं सांगितलं.

"कुठल्या?" बायकोने विचारलं.

आता इलाज नव्हता. त्याने सहाही बटणं वर केली, डोळे मिटले आणि हात खाली ओढला. जो काही आवाज झाला त्याने कपबश्या थरथरल्या आणि खालच्या रस्त्यावरचं कुत्रं रडायला लागलं. घाबरून हात थांबवावा, तर बोट तारेत अडकलं. ते सोडवताना आणखी तीन आवाज निघाले, ते पहिल्याहून वाईट.

तेवढ्यात जिन्यात धावती पावलं वाजली आणि खालचा शेजारी बनियनवरच दारात येऊन उभा राहिला. तोंड पांढरंफटक.

"काकू," तो म्हणाला, "काका परत आले?"

चष्मेवाला मान खाली घालून उभा. पाहतो तो बाई पदराने डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या.

"मावशी, खोटं बोललो," तो म्हणाला. "मला वाजवता येत नाही."

"ते कळलं रे. यांना तरी कुठे येत होतं? उद्यापासून नीट शिकतो म्हणायचे, रोज." बाईंनी गिटारीवरून हात फिरवला. "तुझ्याआधी दोघं येऊन गेले. छान वाजवली दोघांनी. पण ही आमच्या घरातली वाटेचना, म्हणून परत पाठवलं त्यांना. तू घेऊन जा."

चष्मेवाल्याने वाकून बाईंना नमस्कार केला. शेजाऱ्याने मात्र एवढंच विचारलं की तुम्ही राहता कुठे. पत्ता ऐकून, अंतराचा अंदाज घेऊन, त्याने गिटार स्वतः उचलून खाली गाडीत नेऊन ठेवली. मग कुणी न सांगता पुन्हा वर आला आणि अँप्लिफायरही एकट्याने घेऊन गेला. निघताना बाईंनी चष्मेवाल्याच्या बायकोला आतल्या खोलीत बोलावलं आणि बराच वेळ तिच्याशी काहीतरी कुजबुजल्या.

घरी परतताना चष्मेवाल्याला राहवेना. आता नुसता संग्रह नाही, आपण शिकणार, म्हणाला. रोज सकाळी एक तास, संध्याकाळी दोन. अँप्लिफायर झोपायच्या खोलीत ठेवू. एरवी असल्या बेतांवर बायको चार प्रश्न विचारून त्याला गार करायची. आज ती शांत होती, समोर बघून मंद हसत होती. इतक्या वर्षांत आपण हिला ओळखलंच नाही, असं त्याला मनापासून वाटलं. सिग्नलला गाडी थांबली तसा तो भरल्या डोळ्यांनी तिच्याकडे वळून म्हणाला, "तुझी साथ आहे ना मला?"

ती तशीच हसत राहिली. तेव्हा कुठे त्याला तिच्या मांडीवरची कापसाची उघडी डबी दिसली, आणि दोन्ही कानांतले बोळेही.