उदाहरणार्थ, अकरा

आमच्या टेलिफोनच्या ताईंच्या एका पत्राला मी कित्येक वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र छोटंसं. शेवटी प्रश्न होता, 'पुस्तिकेत तो अकरा नंबर तुम्ही माझ्यासाठी मुद्दाम घातला होतात ना?' एवढ्याशा प्रश्नाला माणसाला किती वेळ लागावा! मला लागला. का ते सांगतो.

आमची कचेरी शब्दकोशांची. मी मुद्रितं तपासायचो. सगळेच मान खाली घालून काम करणारे. फोन वाजला की जागे असूनही झोपल्यासारखे! बाहेरचा प्रत्येक फोन ताई घ्यायच्या आणि मग हळूच विचारायच्या, "देऊ का? की तुम्ही बाहेर गेलाय?" मी नेहमी बाहेर गेलेलो असायचो.

मग मालकांनी नवं यंत्र आणलं. प्रत्येकाच्या टेबलावर फोन, प्रत्येकाला वेगळा नंबर. आठवडाभर ते नीट चाललं की ताईंना घरी बसवायचं ठरलं. यंत्रातल्या शब्दांची पुस्तिका लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि शब्द म्हटल्यावर माझी छाती फुगली. "यंत्र म्हणजे काय? शब्दच ना! सगळ्या कचेरीला शहाणं करून सोडतो!" मी चारचौघांत म्हणालो. आयुष्यात मारलेली तेवढी एकच बढाई. ताई तिथेच होत्या. "छान लिहा हं," म्हणाल्या.

लिहिलंही झकास! 'होल्ड: समोरच्याला संगीत ऐकवत थांबवणे. ट्रान्सफर: आलेला फोन दुसऱ्याकडे सोपवणे. कॉल फॉरवर्ड: आपले सगळे फोन परस्पर दुसरीकडे वळवणे. उदाहरणार्थ, दाबा: स्टार, दोन, अकरा.' अकरा मी सहज घातला, छापल्यावर सुबक दिसतो म्हणून. तो मालकांचा नंबर आहे हे मला ठाऊक नव्हतं. विचारायला फोन करावा लागला असता!

आमच्याकडे छापील शब्दावर शंका घ्यायची पद्धत नव्हती. फोन टाळायची सोय वाचून सगळ्यांचे डोळे चमकले, आणि झाडून सगळ्यांनी उदाहरण जसंच्या तसं दाबलं. मीसुद्धा!

पहिला फोन आमच्या हिशेबनिसांच्या पत्नीचा. वाजला मालकांच्या खोलीत.

"अहो, येताना धाकट्याचे बूट शिवून आणा!"

"बाई, मी मालक बोलतोय."

"कळलं हो, मोठे मालक! बूट विसरू नका!"

मालकांनी पुस्तिका उघडून फोन हिशेबनिसांकडे ट्रान्सफर केला. तिथून तो वळून पुन्हा त्यांच्याच खोलीत!

"आणि टाचही ठोकून घ्या!"

घाबरून त्यांनी होल्ड दाबलं. जरा वेळाने उचलून बघतात तर, "मी इथे बोलतेय आणि तुम्ही गाणी कसली लावताय?"

त्यानंतर कागदवाला, बाइंडर, मानधनावरून चिडलेले एक पंडित! शेवटी मालकांनी जाब विचारायला माझा नंबर फिरवला. न्हाव्याच्या खुर्चीतून अर्धवट उठल्यासारखे ते बाहेर आले. "लावतोय यांना आणि एंगेज मीच! हे काय गौडबंगाल आहे?"

मी टेबलाखाली पडलेली पेन्सिल शोधू लागलो. पेन्सिल पडलेली नव्हती.

"ताई!" मालक ओरडले.

फोन जोडायचा जुना बोर्ड पुसत बसलेल्या ताई उठल्या. टेबलाटेबलाशी जाऊन त्यांनी बटणं दाबून वळवलेले फोन सोडवले आणि मग मालकांच्या खोलीतला वाजणारा फोन उचलला. "वहिनी, मी बोलतेय. हो, बूट. टाचही? सांगते." कचेरी कशी शांत झाली!

"यंत्र राहू दे," मालक म्हणाले, "पण त्याच्यासमोर ताईच बसतील. आणि तुम्ही! इथून पुढे उदाहरणं देऊ नका!"

निवृत्त होईपर्यंत ताई तिथेच होत्या. आता फोन खिशात असतो, थेट अंगावर येतो. 'देऊ का?' असं विचारणारं कुणी मध्ये नाही.

खरं उत्तर लिहायला मी अनेकदा बसलो. 'ताई, अकरा सुबक दिसतो म्हणून' इथवर आलो की कागद फाडायचो. जन्मभरात एका माणसाने मला धीट समजावं, आणि ती चूक मीच दुरुस्त करावी?

काल पोस्टकार्डावर एकच शब्द लिहिला, 'हो.' तो पुन्हापुन्हा तपासला, पत्ता तपासला, कार्ड पेटीत टाकलं. आणि मग आठवलं, खाली नाव घालायचंच राहिलं!