पुट्टीतला कॉन्सुल

गणराजनं या वेळी सगळा बंदोबस्त केला होता. दिग्विजय हरणार होता! आणि असा हरणार होता, की त्याची हार वर्षभर त्याच्याच स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली राहील!

आता दिग्विजय म्हणजे कुणी वैरी नव्हे. उलट जिवलग मित्र. अठरा वर्षांपूर्वी दोघं एकाच एसटीनं लातूरहून आले, कुरुळीत दहा बाय दहाच्या एकाच खोलीत राहिले, एकाच स्टोव्हवर पिठलं रटरटवलं आणि चाकणच्या एकाच इटालियन कंपनीत एकाच दिवशी चिकटले. पण त्यानंतर जे जे चांगलं घडलं, ते दिग्विजयला आधी घडलं. परमनंट तो महिनाभर आधी झाला. रहाटणीत फ्लॅट त्यानं आधी घेतला. गणराजनं हट्टानं त्याच बिल्डिंगमध्ये घेतला, तेव्हा दुसरा मजलाच उरला होता, आणि चौथ्या मजल्यावरच्या दिग्विजयच्या कुंड्यांचं पाणी गणराजच्या वाळत घातलेल्या शर्टांवर ठिबकायचं. दहावीला गणराजच्या सोनूला एक्क्याण्णव पूर्णांक आठ टक्के पडले. पेढे आणायला गणराज जिना उतरतोय, तर समोरून दिग्विजय पेढे वाटत वर येतोय. त्याच्या मुलीला ब्याण्णव!

"पॉइंट दोन टक्क्यांनी काय होतं हो?" गणराजची बायको विजयश्री म्हणाली.

"तेवढ्यानंच तर सगळं होतं!" गणराजनं पेढा न खाता बशीत ठेवला. नंतर खाल्ला, पण त्याला चव नव्हती.

तर अशात कंपनीच्या इटालियन साहेबाच्या डोक्यात रोम शिरलं. साहेबाच्या गावी म्हणे हौशी लोकांचं एक मंडळ होतं. आपली मंडळं ढोल बडवतात, ते मंडळ जुन्या रोमचं राज्य चालवायचं. पांढरी वस्त्रं गुंडाळून दरवर्षी रीतसर निवडणूक, रीतसर पदाधिकारी. साहेबानं एका सोमवारी हुकूम काढला. कॅन्टीन कमिटी, बस कमिटी, क्रीडा कमिटी सगळ्या बरखास्त! यापुढे कामगारांचा कारभार रोमन पद्धतीनं!

एचआरच्या वर्षाली मॅडमनी पार्किंगच्या शेडमध्ये तीनशे कामगारांना नियम समजावून सांगितले.

"कॉन्सुल, म्हणजे रोमचे सर्वोच्च कारभारी, दोन असणार. दोघांना सारखा अधिकार. एक महिना एकाचा, पुढचा दुसऱ्याचा. एकानं ठरवलेलं दुसऱ्याला अडवता येईल."

"म्हणजे आमच्या गावची भाऊबंदकीच की!" मागून कुणीतरी म्हणालं.

"ज्याचा महिना, त्याच्या पुढे दोन माणसं काठ्यांची मोळी घेऊन चालतील." मोळी स्टोअरमध्ये नव्हती, म्हणून उलटे धरलेले खराटे मंजूर झाले. "आणि रोममध्ये वर्ष कॉन्सुलच्या नावानं ओळखलं जायचं. त्यामुळे कंपनीच्या नव्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात छापणार, अमुक आणि तमुक यांचं वर्ष!"

कंपनीचं कॅलेंडर घरोघरी जायचं. दिग्विजयच्या घरात ते फ्रीजशेजारी लागायचं, हे गणराजला पाठ होतं. दिग्विजय रोज सकाळी दूध काढायला फ्रीज उघडणार आणि समोर 'गणराज'! तीनशे पासष्ट दिवस!

फक्त एक घोळ होता. जागा दोन होत्या आणि दिग्विजयनंही अर्ज भरला होता. म्हणजे गणराजच्या वर्षाला शेजारी दिग्विजयचं नाव चिकटणार! नाही, नाही! आपण जिंकून भागणार नव्हतं. तो पडायलाच हवा होता.

उमेदवार किमान तीन हवेत, असा नियम होता. म्हणून मॅडमनी कॅन्टीनच्या केसरबाईंना गळ घातली होती. केसरबाई कुरुळीच्याच. "मला कशाला त्या भानगडीत घालता? माझी भाकरी तव्यावर हाय," असं म्हणत त्यांनी अर्जावर सही केली होती.

मत देण्याची पद्धत साहेबाला साधी हवी होती. प्रत्येकाला दोन लोखंडी नट मिळणार आणि नावं लिहिलेल्या तीन बादल्यांपैकी दोन वेगवेगळ्या बादल्यांत एकेक टाकायचा. गणराजचा डाव त्यातूनच निघाला. पंधरा दिवस तो चहाच्या टपरीपासून लॉकररूमपर्यंत एकेकाच्या कानाला लागला.

"भावा, एक नट मला आणि दुसरा केसरबाईला. आपल्याला जेवू घालणारी बाई आहे राव!"

माणसं गहिवरायची. प्रत्यक्ष केसरबाईंनाही त्यानं रांगेत ताट पुढे करत सांगितलं. त्यांनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि डाळ वाढली, थोडी कमीच.

निवडणुकीच्या आदल्या संध्याकाळी वर्षाली मॅडमचा मेसेज आला. रोममध्ये उमेदवार कपड्यांना खडू चोळून ते झगझगीत पांढरे करायचे, तरी उमेदवारांनी घरूनच पोशाख करून यावं. गणराज खडू आणायला दुकानात गेला, तर काउंटरवर कोण? दिग्विजय! हातात खडूचा अख्खा डबा.

"संपले का खडू?" गणराजनं विचारलं.

"हा शेवटचा. अर्धे घे ना, गण्या."

"नको! माझी सोय झालीय."

सोय कसली होणार! घरी येऊन त्यानं माळा धुंडाळला, तर दिवाळीसाठी नुकतीच बेडरूम रंगवताना उरलेली भिंतीची पुट्टी सापडली. पांढरीशुभ्र! गणराज पेंट शॉपचा लाइन लीडर होता, पण त्याचा सगळा जन्म पत्र्याला रंग देण्यात गेलेला. भिंतीच्या पुट्टीशी त्याची ओळख नव्हती. दुसऱ्या दिवशी सेकंड शिफ्टला निघण्याआधी त्यानं विजयश्रीची दिवाळीसाठी आणलेली नवी डबलबेडची चादर बादलीत पुट्टी कालवून तिच्यात बुचकळली, पिळली आणि ओलीच अंगाभोवती लपेटली. उजवा हातही मनगटापर्यंत गुंडाळला. वस्त्र जास्त दिसलं म्हणजे मानही जास्त, असा हिशोब.

"अहो, ती माझी चादर आहे!"

"आता ती इतिहासात जाणार आहे!"

बसमध्ये तो बसला नाही. सीटला घासून पांढरा रंग गेला असता ना! उजव्या हातानं वरचा दांडा धरून उभा राहिला. दिग्विजय पुढच्या खिडकीशी स्वच्छ धोतर पांघरून बसला होता. खडूनं ते असं लखलखत होतं, की गणराजनं मुद्दाम बाहेर पाहिलं. ऑक्टोबरचं ऊन खिडकीतून थेट त्याच्यावर पडत होतं. छान शेकत होतं. चाकण आलं. गणराजनं दांडा सोडला.

हात खाली आला नाही.

त्यानं जोर लावला. काखेत कडकड वाजलं. मान वळवली, तर खांदाही बरोबर वळला. गुडघे वाकेनात. चादरीचा पार दगड झाला होता, आणि त्या दगडाच्या आत गणराज होता!

"उतरा की राव, पुतळ्यासारखे काय उभे?" ड्रायव्हर म्हणाला.

चौघांनी मिळून त्याला कपाट उतरवतात तसं आडवं करून उतरवलं आणि शेडमध्ये नेऊन उभं केलं. उजवा हात आभाळाकडे, चेहरा वेदनेनं गंभीर. तेवढ्यात इटालियन साहेब आला. गणराजला पाहून थबकला. त्यानं भोवती एक प्रदक्षिणा घातली आणि त्याचे डोळे पाणावले. संगमरवर! चाकणच्या पार्किंग शेडमध्ये! साहेबानं टाळ्या वाजवल्या. साहेबानं वाजवल्या म्हणून मॅनेजरांनी वाजवल्या, मॅनेजरांनी वाजवल्या म्हणून सगळ्यांनी. दिग्विजयच्या धोतराकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही! गणराजच्या पाठीला भयंकर खाज सुटली होती, पण तिच्यापर्यंत पोचायचा मार्ग नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला तिची पर्वाही नव्हती.

मतदान सुरू झालं. नट बादल्यांत खणखणू लागले. गणराजची पाळी आली आणि पंचाईत झाली. बादलीपर्यंत वाकणार कोण? डाव्या मुठीत दोन नट, आणि मूठ छातीशी चिकटलेली.

"थांब, मी टाकतो." दिग्विजय पुढे आला. त्यानं गणराजच्या मुठीतून हळूच दोन्ही नट सोडवून घेतले. "एक तुलाच ना? हा बघ, टाकला. आणि दुसरा कुणाला?"

दोघांचे चेहरे वीतभर अंतरावर होते. मान वळवायची सोय नव्हती. गणराजनं फक्त डोळे बाजूला वळवले.

"केसरबाई," तो पुटपुटला.

"बरं." दिग्विजयनं इमानदारीत दुसरा नट केसरबाईंच्या बादलीत टाकला. टण्णकन आवाज आला.

तासाभरात निकाल लागला. गणराज, दोनशे एक्केचाळीस! केसरबाई, एकशे ऐंशी! दिग्विजय, एकशे एकोणऐंशी! एका नटानं पडला! गणराजला नाचावंसं वाटलं. नाचता येत नव्हतं म्हणून तो जागच्या जागी थरथरला आणि थोडी पुट्टी गळाली.

केसरबाई मात्र पदर खोचून तरातरा त्याच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"झालं का रं समाधान? मला फुकाचं अडकावलंस! तुला इतके नट आले कुठनं, ठावं हाय का?"

"माझा प्रचार, केसरबाई."

"तुझा कपाळाचा प्रचार! निम्मे त्या दिग्विजयचे हायेत. रांगेत ताट घिऊन एकेकाला सांगायचा, एक नट मला, एक गण्याला, आमी एका खोलीतली माणसं हाय. त्यानं सोताचा दुसरा नट बी तुलाच टाकला. आन् तू?"

गणराजला प्रथमच वाटलं, की पुट्टी तोंडावरूनही घ्यायला हवी होती.

गर्दी पांगली. दिग्विजय असेम्ब्लीतून रबरी हातोडा घेऊन आला आणि खांद्यापासून हलक्या हातानं ठोकू लागला. तुकडे पडत होते.

"अभिनंदन, भावा."

"दिग्या," गणराज म्हणाला. "मी लोकांना तुझ्याऐवजी…"

"माहीत आहे रे. केसरबाईंनी तिसऱ्याच दिवशी सांगितलं."

"आणि तरी तू मला टाकलास?"

"मग काय! तू रात्रीचं पिठलं माझ्यासाठी झाकून ठेवायचास, ते विसरलो नाही मी. कोपर वाकव बघू."

गणराजनं कोपर वाकवलं. त्याला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. ती कोपरापासून मनगटापर्यंत टिकली. हातोडा मनगटाशी आला, तेव्हा त्याच्या मनात लख्ख उजेड पडला. म्हणजे मनाच्या मोठेपणातही हा माणूस आपल्या पुढेच!

घरी विजयश्रीनं दार उघडलं. "काय झालं?"

"जिंकलो! पहिल्या नंबरानं!"

"आणि भावजी?"

"पडला. एका मतानं."

"अगं बाई! एका मतानं? किती वाईट!" असं म्हणत तिनं चादरीचं नावही काढलं नाही आणि सांज्याच्या पोळ्या करायला घेतल्या. चौथ्या मजल्यासाठी.

दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर कॉन्सुल गणराज दोन उलट्या खराट्यांच्या मागून चालत आला. बस आली. पुढची खिडकीची सीट लोकांनी रुमाल टाकून धरली होती. "दिग्विजयभाऊंसाठी. एका नटानं गेले बिचारे!" दिग्विजय बसताच कुणी त्याला चहा दिला, कुणी पाठीवर हात ठेवला, ड्रायव्हरनं त्याच्या आवडीची गाणी लावली. मांडीवर सांज्याच्या पोळ्यांचा डबा होता. गणराजचाच डबा! आणि कॉन्सुलला बसायला जागा नव्हती.

गणराजनं वरचा दांडा धरला आणि त्या पुढच्या सीटकडे बघत, दात खात, त्याच क्षणी निश्चय केला. पुढच्या वर्षी काहीही होवो, आपण पडायचं! आणि तेही दिग्विजयपेक्षा जास्त मतांनी!