गोंडाळाची राख

"भो, पाणीवरलं गोंडाळ आन. सुकाड, जाळ, राख तेलमा कालव. बठ्ठं गजकर्ण जाई!"

आजोळी शिंदखेड्याला झाडपाला देणाऱ्या जीवराम आबांचा हा आवाज चाळीस वर्षं माझ्या कानात मुरला होता. यंदा मानेवर गजकर्ण उगवलं, तसा तो गाऊ लागला. मी बायकोला म्हणालो, "मलम नको, डॉक्टर नको! आपली तापी आहे ना!"

"पाठ धरली होती तेव्हाही तापीचाच गाळ चोपडला होतात," सुनंदा म्हणाली. "आठ दिवस आडवे होतात."

वरणगावजवळ तापीच्या संथ पाण्यावर गोंडाळ तरंगत होतं. नदीनं हिरव्या गुलाबांची वेणी माळावी तसं! पोतंभर आणलं. वाळलं तर टोपलीभर, जाळलं तर वाटीभर! ती राख बरणीत भरून फळीवर ठेवली.

घाई होती. रविवारी नरडाण्याहून चुडामणभाऊ येणार होते, आमच्या मयुरीची सुपारी फोडायला. मयुरी आणि त्यांचा तेजस एकाच ऑफिसात. दोघांचं ठरलेलंच, फक्त थोरांचा होकार बाकी. आणि पोरीचा बाप कराकरा मान खाजवताना दिसला तर? सोयरीकच मोडायची!

रविवारी सकाळीच सुनंदानं उडदाचे पापड लाटले. आम्ही केळीवाले. पापडाचा खार आमच्यात केळीचं खोड जाळून, त्याच्या राखेतून काढतात; त्या राखेचीही बरणी फळीवरच. मे महिन्याच्या उन्हात दुपारपर्यंत पापड खणखणीत! मीही घाईघाईत फळीवरची बरणी काढली, राख तेलात कालवली, मानेला चोपडली आणि कॉलर गळ्यापर्यंत लावली.

पाहुणे बसले. चुडामणभाऊंनी सात पापड मोडले.

"काय हलका पापड शे, येहीणबाई!" त्यांच्या रुख्माबाई म्हणाल्या.

आणि माझी मान पेटली! मिरचीच्या खळ्यात लोळल्यासारखी! मी स्वयंपाकघरात धावलो.

"सुनंदा, पापडाला कुठली राख घेतलीस?"

"खालच्या फळीवरची."

"अगं, ती माझी! गोंडाळाची!"

"मग मानेला काय फासलंत?... अगं बाई! खाराची!"

मी बाहेर झेपावलो आणि चुडामणभाऊंच्या तोंडाशी गेलेला आठवा पापड हिसकावला. "खाऊ नका!"

रुख्माबाई ताडकन उठल्या. "पाहुणाना घास हिसकतस? चाल रे तेजस!"

मयुरीचे डोळे डबडबले. तेव्हा मात्र मी कॉलर सोडली, लालभडक मान दाखवली आणि आबांपासून तापीपर्यंत सगळं ओकून टाकलं.

रुख्माबाई दारात थबकल्या. "राखच ना? चुलावरनी भाकरले रोज लागस!" असं म्हणत खुदकन हसल्या आणि पुन्हा पाटावर बसल्या. हुश्श! मयुरीनं माझी मान गार पाण्यानं धुतली, सुपारी फुटली, पेढे वाटले.

निघताना चुडामणभाऊंनी मला ओट्याच्या कोपऱ्यात ओढलं.

"भाऊ, मालेबी शे. दोन वरीस व्हयनात. सोयरीक मोडी म्हनीसन बोलनू नही. कोठे शे, ते मात्र इचारू नका! ती राख उरनी शे का?"

"वाटीभर होती हो," मी म्हणालो, "पण ती तर तुम्हीच खाल्लीत!"