येसाजीरावांच्या कंबरेचा पट्टा

लग्न होऊन हेमावती कन्नड मुलखात, लष्कर मोहल्ल्यातल्या घरी आली, त्याच आठवड्यात सासूबाईंनी, म्हणजे शकुंतलाबाईंनी, तिला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन एकच गोष्ट बजावली होती. "मामंजींना दुकानात एकटं सोडू नको. ते सामान घेत नाहीत, सामानाची परीक्षा घेतात." हेमावतीला हसू आलं होतं. बी.एस्सी. झालेल्या मुलीची सासूकडून देवधर्माविषयी, फार तर नवऱ्याच्या रागाविषयी काही ऐकायची तयारी होती. छत्र्या आणि चपलांच्या खरेदीविषयी नव्हती. तिनं "हो आत्याबाई" म्हटलं आणि सोडून दिलं.

आता तिच्या कडेवर सोयरा होती आणि गावात निवडणूक जाहीर झाली होती.

निवडणुकीचा त्या घराशी संबंध एवढाच, की परवान्याचं हत्यार ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते मतदान आटपेपर्यंत पोलीस ठाण्यात जमा करायचं. हेमावतीचे सासरे येसाजीराव यांच्याकडे त्यांच्या आजोबांचं रिव्हॉल्व्हर होतं. आजोबा संस्थानाच्या महाराजांच्या घोडदळात होते. घोडे गेले, दळ गेलं, रिव्हॉल्व्हर तेवढं राहिलं. त्याच्या गोळ्या घरात नव्हत्या. येसाजीराव फार वर्षांपूर्वी एकदा गोळ्या आणायला गेले होते, पण दुकानातली एकही गोळी त्यांच्या पसंतीला उतरली नव्हती.

हेमावतीला मात्र ते घरात नकोच होतं. सोयरा नुकतीच किल्लीनं कपाट उघडायला शिकली होती. एका दुपारी ती कपाटाच्या खालच्या कप्प्यात बसून, मांडीवर लाल फ्लॅनेलचं बोचकं घेऊन त्याला जोजवत होती. बोचक्यात रिव्हॉल्व्हर होतं. त्याच दिवशी हेमावतीनं ते बोचकं स्वयंपाकघरात, सगळ्यात वरच्या फळीवर, हिंगाच्या डब्यामागे नेऊन ठेवलं.

"आज गोळ्या नाहीत म्हणता. उद्या एखादी पसंत पडली तर?" तिनं नवऱ्याला विचारलं.

जगन्नाथ कडकोळच्या कारखान्याची बस गाठायच्या घाईत होता. "अप्पा ऐकतील काय? सुम्ने राहा तू, गप्प," म्हणून तो निघून गेला. त्यामुळे निवडणूक ही हेमावतीला कुलदेवीनंच धाडल्यासारखी वाटली. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत रिव्हॉल्व्हर ठाण्यात गेलं पाहिजे होतं. नाही गेलं तर परवाना रद्द होणार, या धास्तीनं येसाजीरावांचं जेवण कमी झालं होतं; आणि नाही गेलं तर ते इथंच राहणार, या धास्तीनं हेमावतीचं.

"न्यायचं कसं, हा प्रश्न आहे," येसाजीराव म्हणाले.

मागच्या निवडणुकीला त्यांनी ते कापडी पिशवीतून सिटी बसनं नेलं होतं. बसमध्ये पिशव्या बदलल्या आणि इन्स्पेक्टरसाहेबांच्या टेबलावर येसाजीरावांनी मोठ्या अदबीनं एक पडवळ ठेवलं. ज्या बाईंच्या पिशवीत रिव्हॉल्व्हर गेलं होतं, त्या पाठोपाठ रडत ठाण्यात आल्या म्हणून बरं.

"या वेळी अंगावर न्यायचं. कंबरेला, शर्टाखाली. बघणाऱ्याला कळता नये, चालताना निसटता नये. आणि कुणापाशी बोलायचं नाही. हत्यार घराबाहेर निघालंय हे चोराला कळलं तर? एक चांगला पट्टा पाहिजे, बस."

दुसऱ्या दिवशी सासरे आणि सून अशोक रोडवरच्या हयग्रीवच्या पट्ट्यांच्या दुकानात गेली. रिव्हॉल्व्हर दुकानात नेणं शक्य नव्हतं, म्हणून येसाजीरावांनी स्वयंपाकघरातल्या खलाचा लोखंडी बत्ता बरोबर घेतला. वजन साधारण तेवढंच. अंगाला लागणंही तसंच असावं म्हणून त्यांनी बत्त्यालासुद्धा लाल फ्लॅनेल गुंडाळलं होतं.

हयग्रीवनं पहिला पट्टा काढला. येसाजीरावांनी तो बांधला, बोचकं खोचलं, स्टुलावर बसले, उठले, वाकून पायाचे अंगठे धरले आणि सुनेला विचारलं, "दिसतंय काय?"

"दिसतंय मामंजी. नारळ चोरून आणल्यासारखं."

दुसरा पट्टा. "आता?"

"आता ते दिसत नाही. पण पॅन्ट खाली येतीय."

तिसऱ्याचं बक्कल लखलखत होतं. चौथा वास मारत होता. पाचव्यात सगळं बरोबर होतं, फक्त येसाजीरावांना श्वास घेता येत नव्हता. काउंटरवर पट्ट्यांचा ढीग साचला. बाकीची गिऱ्हाईकं आपली खरेदी विसरून भिंतीला टेकून बघत उभी राहिली. हेमावतीला सासूबाईंचे शब्द आठवायला लागले.

शेवटी हयग्रीवनं घाम पुसला. "सार, पट्टा पाहिजे कशासाठी, ते तरी सांगा."

येसाजीरावांनी डावीकडे-उजवीकडे बघितलं. गुप्तता राखायची होती. ते हळूच म्हणाले, "सोंटक्के." कंबरेसाठी.

हयग्रीवचा चेहरा उजळला. कन्नडात काय आणि मराठीत काय, त्या वयाचा माणूस कंबरेसाठी पट्टा मागतो, वर इतका वेळ वाकून-बसून बघतो, याचा अर्थ एकच. "अय्यो, हे आधी सांगायचं की सार. फार दुखतंय काय?"

येसाजीराव क्षणभर गोंधळले. मग घोडदळाचं रक्त कामी आलं. "फार," ते म्हणाले.

हयग्रीवनं शेजारच्या औषधांच्या दुकानातून एक रुंद, अंगाच्या रंगाचा, पाठ धरलेल्यांसाठीचा पट्टा मागवला. त्याला बक्कल नव्हतं. दोन टोकं एकमेकांवर दाबली की चिकटायची आणि ओढली की 'कर्र' करून सुटायची. तो बांधून बोचकं मागच्या बाजूला सरकवलं, वर शर्ट सोडला, आणि बोचकं नाहीसं झालं. येसाजीराव बसले, उठले, वाकले. हेमावतीनं चहूबाजूंनी फिरून बघितलं.

"नाही दिसत मामंजी. काहीच नाही दिसत."

आयुष्यात पहिल्यांदा येसाजीरावांच्या परीक्षेत एक वस्तू पास झाली. आत्याबाईंनी आपल्याला उगाच घाबरवलं, असं हेमावतीला वाटलं.

घरी आल्यावर सराव सुरू झाला. येसाजीराव पट्ट्यात बत्ता खोचून अंगणात फिरायचे, जेवायला बसायचे, सकाळी बागेत चालायला जायचे. बत्ता पाठीला रुतायचा, त्यामुळे ते भालदारासारखे ताठ चालत.

"अहो, बत्ता द्या की," शकुंतलाबाई म्हणायच्या. "चहाला आलं ठेचायचंय."

"सराव चाललाय."

"मग चहा बेडा म्हणायचा, नकोच."

"स्वल्प थांब की. शनिवारपर्यंत."

शनिवारी दुपारी घाईघाईनं येसाजीरावांनी बोचकं पट्ट्यात खोचलं. सोयराला आजीपाशी ठेवून हेमावती सोबत निघाली, तोच दारात जुनी फियाट येऊन थांबली. आत येसाजीरावांचे बालमित्र खंडोजीराव.

"येसाजी, हयग्रीवनं सांगितलं मला. आणि बागेत मी बघतोय तुझं चालणं. एवढं दुखणं काढतोस आणि मला बोलत नाहीस? बस गाडीत."

"मला ठाण्याकडे सोड. थोडं काम आहे."

"सोडतो की."

गाडी निघाली. ठाण्याचं वळण आलं आणि मागे गेलं. "खंडोजीकाका, वळण राहिलं," हेमावती म्हणाली.

"राहू दे गं. आधी पाठ, मग ठाणं." खंडोजीरावांनी गाडी थेट गरडीच्या, म्हणजे कुस्तीच्या तालमीच्या, दारात उभी केली. तिथले उस्ताद मल्हारराव सरकलेली हाडं बसवत. खंडोजीरावांनी त्यांना आधीच निरोप धाडला होता. येसाजीराव "नको, नको" म्हणेपर्यंत दोन पैलवानांनी त्यांना उचलून चटईवर पालथं घातलंसुद्धा.

"हात लावू नका," येसाजीराव चटईत तोंड खुपसून म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात," मल्हारराव म्हणाले आणि शर्टावरून त्यांनी पाठ चाचपली. त्यांचा हात थांबला. "अरे देवा. केवढी गाठ. खंडोजीराव, हे हाड सरकलेलं नाही, बाहेरच आलंय. जोर लावून बसवावं लागेल." आणि ते गुडघा टेकायला लागले.

हेमावतीच्या डोळ्यांसमोर सगळं तरळून गेलं. मल्हाररावांचा गुडघा, त्याखाली रिव्हॉल्व्हर, त्याखाली मामंजी. गोळी नाही हे ती त्या क्षणी विसरली. "थांबा," ती ओरडली. "ती गाठ लायसनची आहे."

 मल्हाररावांनी शर्ट वर केला आणि पट्ट्याचं टोक ओढलं. कर्र. लाल बोचकं चटईवर पडलं. आतून लोखंडाचा आवाज आला तसे पैलवान भिंतीपर्यंत मागे सरले. फ्लॅनेल आपोआप उलगडलं.

आत बत्ता होता.

 मग मल्हाररावांनी तो उचलून हातात तोलला. "बत्त्याला लायसन लागतंय काय आता?"

येसाजीरावांनी मान वर करून बघितलं आणि परत चटईवर ठेवली. हेमावती मात्र दाराकडे वळली. बत्ता इथं आहे, तर दुसरं बोचकं घरी आहे. आणि घरी सोयरा आहे.

"काका, गाडी काढा."

फियाट इतक्या वेगानं कधीच गेली नव्हती. वाटेत येसाजीरावांनी मित्राला सगळं सांगितलं. खंडोजीराव एवढंच म्हणाले, "म्हणजे तुझी पाठ चांगली आहे? मला सांगायचं की, मी रात्रभर जागलो."

घराच्या पायरीवरूनच आवाज ऐकू आला. ठक, ठक, ठक. हेमावती चपला न काढता स्वयंपाकघरात शिरली. शकुंतलाबाई खलासमोर बसल्या होत्या. रिव्हॉल्व्हरची नळी मुठीत धरून त्याच्या लाकडी दस्त्यानं त्या आलं ठेचत होत्या. सोयरा शेजारी पाटावर बसून प्रत्येक ठोक्याला मान हलवत होती.

हेमावतीनं आधी सोयराला उचलून छातीशी धरलं. "आत्याबाई, ते काय आहे ठाऊक आहे काय?"

"न ठाऊक असायला काय झालं? या घरात आल्यापासून त्याला तेल मीच लावतीय." शकुंतलाबाईंनी एक ठोका घातला. "बत्ता ह्यांच्या कंबरेला. मग आलं कशानं ठेचू?"

"पण चुकून गोळी..."

"कुठली गोळी? ती अजून पसंत पडायचीय."

येसाजीराव दारात उभे होते. आजोबांच्या दस्त्यावर आल्याचे धागे चिकटलेले बघून त्यांना बसावंसं वाटत होतं, पण घड्याळ पाचकडे निघालं होतं. "पट्टा कुठाय?" हेमावतीनं विचारलं.

"तो नको. कर्र म्हणतो. भर ठाण्यात सुटला तर? हयग्रीवकडे आणखी एक बघून..."

शकुंतलाबाई उठल्या. त्यांनी रिव्हॉल्व्हर पदरानं पुसलं, लग्नात सासूनं घातलेल्या चांदीच्या कंबरपट्ट्याखाली ते खोचलं आणि वरून पदर घेतला. काही दिसेना. त्यांनी एक गिरकी घेतली, वाकून खल कोपऱ्यात सरकवला. काही निसटेना.

"चला," त्या म्हणाल्या.

ठाण्यात इन्स्पेक्टरसाहेब खुर्चीतून उठले. "बसा अम्मा. काय काम?" शकुंतलाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं, पदराआड हात घातला आणि वळून टेबलावर हत्यार ठेवलं. पाचला थोडाच अवकाश होता. साहेबांनी ते हातात घेतलं, नाकापाशी नेलं, परत नेलं.

"याला आल्याचा वास येतोय?"

"चहाची वेळ आहे ना, साहेब," शकुंतलाबाई म्हणाल्या.

निवडणूक झाली, गुलाल उधळून झाला, जिंकलेले बेंगळूरला गेले. ठाण्यातून निरोप आला की हत्यार घेऊन जा. शकुंतलाबाई लगेच तयार झाल्या, पण येसाजीरावांनी हात वर केला. "घोडदळाचं हत्यार बायकोच्या दागिन्यात खोचून परत येणार नाही. ते माझ्या कंबरेला येईल. चांगला पट्टा मिळाला की."

तेव्हापासून नाश्ता झाला की ते हयग्रीवच्या दुकानात जातात. पहिले काही दिवस हेमावती सवयीनं सोबत गेली. मग एके सकाळी चपला घालता घालता ती थांबली, आणि चपला पुन्हा काढून ठेवल्या. आता ती सासऱ्यांना दारापर्यंत पोचवते. स्वयंपाकघरात नवा बत्ता आलाय. जुना ती स्वतः फ्लॅनेलमध्ये गुंडाळून त्यांच्या हातात देते.

"एकटेच गेले?" शकुंतलाबाई विचारतात.

"हो आत्याबाई."

शकुंतलाबाई तिच्याकडे जरा वेळ बघतात आणि चहात आलं थोडं जास्त घालतात. सोयरा किल्ली घेऊन कपाट उघडते, खालच्या कप्प्यात बसते. कुणी तिला उठवत नाही.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण काल जेवताना येसाजीराव म्हणाले की एक तपकिरी पट्टा बराच बरा वाटतोय, आणि हेमावतीला रात्री झोप लागली नाही. म्हणून तिची वाचकांना एक विनंती आहे. तुम्ही अशोक रोडनं जात असाल तर हयग्रीवच्या दुकानात जरा डोकावा. आत एक ताठ कण्याचे गृहस्थ कंबरेला बोचकं खोचून उठबस करत असतील. बरे आहेत ना, पाणी प्यालेत ना, एवढी चौकशी करा. आणि हातात तपकिरी पट्टा दिसला, तर जाता जाता फक्त एवढंच म्हणा, "शिलाई जरा कच्ची वाटतीय, नाही काय?"