काळ्या सिगारची पारख

"सिगारमधलं मला बरंच कळतं," असं समाधान मेश्राम एका गुरुवारी सगळ्या टीमसमोर फोनवर म्हणून गेला. खरं तर त्याने आयुष्यात साधी बिडीसुद्धा ओढलेली नव्हती. पण फोनच्या पलीकडे अमेरिकेतले डॉसनसाहेब होते. प्रोजेक्ट पुढे चालवायचा की गुंडाळायचा हे त्यांच्या हातात होतं आणि त्यांना सॉफ्टवेअरपेक्षा सिगारवर बोलायला जास्त आवडे. मग चार महिने समाधान इंटरनेटवर वाचून 'ओल्या मातीचा गंध', 'जुन्या कातड्याची चव' असलं काहीबाही बोलत राहिला. जुनं कातडं चवीला कसं लागतं हे साहेबांनी कधी विचारलं नाही, हे त्याचं नशीब.

नशीब संपलं ते साहेब स्वतः पुण्यात आले तेव्हा. आल्या आल्या त्यांनी त्याच्या हातात काचेची एक नळी ठेवली. आत जवळजवळ काळीकुट्ट, अंगठ्याएवढी जाड सिगार होती.

"आमच्या चेअरमनना निरोपाला हिचीच पेटी द्यायचा विचार आहे. आज ओढून बघ आणि उद्या सकाळी खरं काय ते सांग. तुझ्या जिभेवर माझा विश्वास आहे."

ती नळी शर्टाच्या खिशात घालून समाधान सिंहगड रोडने धायरीला निघाला तेव्हा त्याला साहेबांपेक्षा जास्त भीती घरची वाटत होती. गोंदियाहून आई आली होती. प्रेमलाबाईंनी बावीस वर्षं मांडीवर सूप घेऊन बिड्या वळल्या होत्या. त्या तंबाखूच्या धुळीने त्यांना कायमचा खोकला दिला आणि मुलाला इंजिनीअर केलं. कॉलेजला प्रवेश मिळाला त्या दिवशी त्यांनी त्याच्याकडून एकच शब्द घेतला होता: तंबाखूला हात लावणार नाही.

संध्याकाळी सात वाजता आई टीव्हीसमोर बसल्याचं बघून समाधान बुद्धवंदनेच्या मेणबत्तीशेजारची काडेपेटी उचलून बाथरूममध्ये शिरला. सिगारचं टोक कापायचं असतं हे त्याने वाचलं होतं. कशाने, ते आठवेना. त्याने ते दातांनी तोडलं आणि घाईत अर्धं गिळलं. पाच काड्यांनंतर सिगार पेटली. धूर तोंडातच ठेवायचा असतो हेही वाचलेलं होतं, पण पहिल्याच झुरक्याला तो सरळ छातीत उतरला.

चौथ्या झुरक्याला हातपाय गार पडले. भिंतीवरच्या फरशा हळूहळू सरकायला लागल्या. कपाळावरून घाम ठिबकू लागला आणि छातीत कुणीतरी खलबत्ता कुटतंय असं वाटायला लागलं. हा हार्ट अटॅकच, अशी त्याची खात्री झाली. वय वर्षं एकतीस. मरणाचं त्याला फारसं वाटलं नाही. पण दार तोडून आई आत येईल आणि आपल्या हातात तंबाखू बघेल, याचं मात्र फार वाटलं.

"अहो, आत काही जळतंय का?" बाहेरून त्याची बायको शर्मिला म्हणाली.

"नाही."

"मग धूर कसला?"

"वाफ आहे."

"गीझर तर बंद आहे."

तेवढ्यात दुसरा आवाज आला.

"दार उघड, बाबू."

समाधानने दार उघडलं आणि तिथेच खाली बसला. "आई, मी मरतोय," एवढंच त्याला बोलता आलं.

प्रेमलाबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग सिगारकडे. "मरत नाही तू. तंबाखू लागला तुले. शर्मिला, याले गूळपाणी दे."

शर्मिलाने पाणी आणलं. समाधानने तिथेच बसून सगळं कबूल केलं. प्रोजेक्ट, चेअरमन, जुनं कातडं. तो आईच्या हातच्या चपराकीची वाट बघत होता. पण आईने नळाखाली सिगार विझवली, वास घेतला, बोटांनी दाबली. मग ओलं बोट तिच्यावरून फिरवलं. बोट काळं झालं.

"पानाले रंग मारला आहे," त्या म्हणाल्या. "आतला तंबाखू कच्चा. म्हणून चढला तुले. हे आमच्याकडच्या ठेकेदारानं पण फेकून देल्लं असतं. असंच सांग तुझ्या साहेबाले. आणि शब्द मोडला त्याचं नंतर पाहू."

ते 'नंतर' डोक्यात घेऊनच समाधान रात्रभर जागा राहिला.

सकाळी त्याने डोळे मिटून डॉसनसाहेबांना तेच सांगितलं. त्यांनी तसलीच दुसरी सिगार काढली, ओल्या बोटाने घासली आणि बोटाकडे बघत बसले. समाधानला आपल्यासकट टीममधले अकराही जण नव्या नोकरीच्या शोधात दिसायला लागले.

"मी फसलो होतो," साहेब शेवटी म्हणाले. "ही पारख शिकायला किती वर्षं लागली?"

"बावीस," समाधानच्या तोंडून निघून गेलं.

"पण तू तर एकतीस वर्षांचा आहेस."

नऊ वर्षांचा मुलगा सिगार ओढतोय हे चित्र साहेबांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलेलं बघून त्याने शेवटी खरं सांगून टाकलं. साहेब रागावले नाहीत. उलट शनिवारी चार वाजता धायरीला हजर झाले. तीन जिने चढून धापा टाकत सोफ्यावर बसले आणि मोठ्या अदबीने एक नवी काळी सिगार प्रेमलाबाईंपुढे धरली. प्रोजेक्टच्या कागदांवर त्यांची सही सोमवारी व्हायची होती.

प्रेमलाबाईंनी सिगार हुंगली, दाबली, घासली.

"हे बेस आहे. पान असली आहे," त्या समाधानला म्हणाल्या. "आता याले सांग, बोटं पिवळी पडून रायली त्याची. तीन जिन्यांत दम लागला. आमच्या मोहल्ल्यातले चार जण असेच गेले. सोड म्हणा, नाहीतर चेअरमनच्या अगोदर याचाच निरोप होईल."

आणि त्यांनी सिगार कनवटीला खोचून टाकली.

डॉसनसाहेबांचा हात ती परत घेण्यासाठी पुढे आलेला होता. तो तसाच राहिला.

"काय म्हणतात त्या?" साहेबांनी उत्सुकतेने विचारलं.

समाधानने आईकडे बघितलं. आई भाषांतराची वाट बघत होती. त्याने सोमवारचा विचार केला, घसा साफ केला आणि टीपॉयवरचा कप उचलून साहेबांच्या त्या रिकाम्या हातात दिला.

"आई म्हणते, चहा घ्या."